गुलाबी पाण्यावरची फुंकर

फोन आला तेव्हा मी पालक निवडत होते. धंतोलीच्या दवाखान्यातून कुंदाचा धाकटा भाऊ बोलत होता. "शोभाताई, ताई गेली," एवढंच म्हणाला, आणि मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज येत राहिला... खोटं कशाला सांगू, मला धक्का बसला नाही. राग आला. कारण ही बातमी मला फार आधी कळली होती, तीही ग्लासभर पाण्याकडे बघून.

कुंदा आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, मी प्राणिशास्त्र. बायोलॉजी घेणारी मुलं केमिस्ट्रीपासून जीव वाचवून पळालेली असतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात कुंदाच्या तावडीत द्यायचं, असा आमच्याकडचा रिवाज. "पोट्टेहो, बेडूक फाडा नाहीतर जास्वंद फाडा, आत केमिस्ट्रीच बसून हाये," असं म्हणत ती एकेकापुढे पाण्याचा ग्लास ठेवायची. त्यात अल्कलीचा थेंब, वर रंग पालटून अल्कली ओळखून देणाऱ्या दर्शकाचा थेंब, की पाणी गुलाबी. मग स्ट्रॉने फुंकायचं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, आम्ल तयार होतं, अल्कली संपते आणि रंग उडतो. "वढायचं नाही, फुकायचं!" ती ओरडायची, आणि स्वतःही एक ग्लास घेऊन मुलांशी शर्यत लावायची. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत या टोकावरून त्या टोकाला हाका मारत वाढलेली बाई. तिचं पाणी सगळ्यांच्या आधी स्वच्छ व्हायचं आणि ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायची.

त्यानंतर बफर, म्हणजे आम्ल पचवत राहणारं द्रावण, शिकवायची. साध्या पाण्यात आम्ल टाकलं की लगेच रंग पालटतो. बफरमध्ये टाका, टाका, काहीच होत नाही. मुलं कंटाळून चुळबुळ करू लागत, आणि मग एका थेंबाला सगळं एकदम पालटे. "रक्त असंच सावरून घेते," ती म्हणायची. "सावरते, सावरते... अन् मंग सावरत नाही." मुलं हसत. मीही मागच्या बाकावर बसून हसायचे. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

एका वर्षी एका काडीपैलवान मुलीने तिला हरवलं. वर्गाने गोंधळ घातला, कुंदाही हसली. पण मुलं गेल्यावर ती बाटली घेऊन बसली आणि अल्कलीची तीव्रता तपासू लागली. "जास्त पडली असन," म्हणाली. नवं द्रावण केलं. पुढच्या वर्षी ती शेवटून दुसरी आली. आता दर्शक शिळा ठरला, मग नळाचं पाणी जड ठरलं. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची आणि नोटीस बोर्ड वाचायची. त्या बोर्डावर तर कित्येक महिने काही लागलेलं नव्हतं.

शेवटी मी स्पष्टच बोलले. "कुंदा, बाटली पुरे झाली. छाती तपासून घे."

"काहून वं? मले केमिस्ट्री शिकवून राहिली का?"

"तीच बाटली, तेच पाणी, मुलांचा रंग उडतो. तुझाच काय म्हणून उडत नाही?"

रसायनशास्त्राची बाई ती, मी काय म्हणत होते ते तिला कळलं नाही असं कसं होईल? पण निकाल चुकला की आधी द्रावण बघायचं, ही आयुष्यभराची सवय. आणि सवयीआड लपायला कुणाला आवडत नाही? "वर्ग संपू दे, मंग जाऊ," म्हणाली.

ह्या वर्षीच्या वर्गात ती शर्यतीला बसलीच नाही. मुलं गेल्यावर मात्र दार लोटून तिने एक ग्लास भरला. मी शेजारी उभी होते. ती फुंकत होती, थांबत होती, टेबलाची कड धरून पुन्हा फुंकत होती. बुडबुडे येत होते, पण इवलेसे. पाणी गुलाबीच राहिलं. ओठ मात्र निळसर दिसू लागले, तेव्हा मी स्ट्रॉ हिसकावून घेतली. "राहू दे तो ग्लास," ती धापा टाकत म्हणाली, "उद्या पाहू." त्याच संध्याकाळी मी तिला रिक्षात घालून धंतोलीला नेलं. फुप्फुसं कडक होत गेली आहेत, फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. ती तिथून परतली नाही.

तेराव्यानंतर मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. ग्लास तिथेच होता, पाणी थोडं आटलेलं. आणि स्वच्छ. गुलाबी रंगाचा मागमूस नव्हता. मी चक्क मागे वळून पाहिलं, कुंदा टाळ्या पिटत उभी असेल म्हणून... मग तिनेच मला शिकवलेलं आठवलं. उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू उतरत राहतो, त्याला कुणाची फुंकर लागत नाही. ज्या कामासाठी माझी मैत्रीण टेबल धरून तडफडली, ते त्या बंद खोलीतल्या शिळ्या हवेने आपसूक करून टाकलं होतं. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि पोटभर रडून घेतलं.