बाकड्याची जागा

आमच्या नाक्यावर महापालिकेचं स्टीलचं बाकडं आहे. पाठीवर नगरसेवकांचं नाव, दोन्ही बाजूंना कुंड्या. ते मी मागून घेतलेलं आहे आणि मी त्यावर एकदाही बसलेले नाही. बाबा तर त्याच्याकडे बघतही नाहीत.

चारकोपला आम्ही दोघंच राहतो. बाबा बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून संध्याकाळी घर त्यांना खायला उठतं. गुडघे कामातून गेलेत, तरी काठी टेकत ते नाक्यापर्यंत जायचेच, कारण तिथे खाडीपलीकडच्या मनोरीची मासेवाली बसायची. वयाने बाबांपेक्षा बरीच लहान, पण अख्ख्या सेक्टरची मावशी, म्हणून त्यांचीही मावशीच. दुपारी बोटीने मार्व्याला उतरायची आणि रिक्षात पाट्या घालून यायची. तिच्याआधी तिची सासू त्याच जागी बसायची. बाबा दिसले की ती मासळीचा रिकामा क्रेट उलटा करून त्यांना बसायला द्यायची. मग मासे घ्यायचे असोत नसोत, अंधार पडेपर्यंत गप्पा. भरती कधी, जावई नीट वागतो की नाही, बोंबील एवढे का महागले. घरी माझ्याशी ‘चहा’ आणि ‘पेपर’ एवढंच बोलणारा माणूस तिथे नुसता बडबडायचा.

मला ते आवडायचं नाही. कपड्यांना वास येतो, हे मी त्यांना सांगायचे ते कारण. खरं कारण मला माहीत होतं. सोसायटीतल्या एकीने लिफ्टमध्ये हसत हसत विचारलं, की काकांनी मावशीच्या धंद्यात भागीदारी घेतली का. मीही हसले, आणि दिवसभर मावशीवर आणि बाबांवर मनातल्या मनात चिडत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नगरसेवकांनी आसपासच्या सोसायट्यांची बैठक बोलावली. मार्चअखेर जवळ आली होती, निधी शिल्लक होता आणि तो परत जाण्याआधी लोकांनी कामं सुचवावीत, असं त्यांचं म्हणणं. कुणी झाडं मागितली, कुणी गटाराची झाकणं. उन्हाळा किती वाढलाय यावर एका गृहस्थांनी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी स्वतःच्या गेटसमोर स्पीड ब्रेकर मागितला. मी उठून म्हटलं, नाक्यावर ज्येष्ठांना टेकायला जागा नाही, एक बाकडं द्या. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.

वॉर्ड ऑफिसचा इंजिनिअर टेबलाशी बसून लिहून घेत होता. त्याने विचारलं, नक्की कुठे? मी म्हटलं, ती मनोरीची मासेवाली बसते ना, तिथेच. आमच्याकडे पत्ता असाच सांगतात. अमक्या डॉक्टरच्या समोर, तमक्या पिठाच्या गिरणीच्या बाजूला. रस्त्याचं नाव कुणाला ठाऊक असतं? सगळ्यांनी माना डोलावल्या, त्याने लिहून घेतलं, आम्ही चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी बाबा गेले तसे परत आले. सकाळी महापालिकेच्या माणसांनी फुटपाथ मोकळा करून घेतला, त्यांचा पिंजऱ्याचा ट्रक मावशीच्या तिथेच ठेवलेल्या बर्फाच्या पेट्या आणि लाकडी पाट घेऊन गेला, असं पानवाल्याने त्यांना सांगितलं होतं. ती दुपारी बोटीतून उतरून आली, तर तिच्या जागी खड्डे खणलेले. चार दिवसांत बाकडं बसलं.

मी वॉर्ड ऑफिसला गेले. बाकडं दोन हात सरकवा, तिला शेजारी बसू द्या, अशी विनवणी केली. इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी मागवलं. फेरीवाल्यांच्या जागांचा निर्णय अडकलाय, तो होईपर्यंत त्याच्या हातात काही नाही, असं समजावून सांगितलं. मी म्हटलं, पण मी तिची तक्रार केली नव्हती. तो म्हणाला, “मॅडम, जागा तर तुम्हीच दाखवलीत.” त्याचा आवाजही चढलेला नव्हता. मी पाणी न पिताच उठले.

मावशी आता नाल्याच्या पलीकडे, इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटापाशी बसते. बाबांना तेवढं चालवत नाही. एकदा मी त्यांना रिक्षाने नेलं. टेम्पो मागे-पुढे होत होते, टेकायला कुठे जागा नव्हती, मावशी उभ्या उभ्याच गिऱ्हाइकं सांभाळत होती. दोघं एकमेकांकडे बघून हसले. बाबांनी तिला “बरी आहेस ना” विचारलं आणि त्याच रिक्षात परत बसले. नंतर चला म्हटलं की म्हणतात, तू जा, तिथे माझं काय काम.

म्हणून मी जाते. आठवड्यातून दोनदा, गरज नसताना तीनदाही. दर वेळी ठरवते की आज सांगून टाकायचं, आणि दर वेळी मांदेलीचा वाटा घेऊन परत येते. ती आवर्जून विचारायची, बाबा जेवतो ना नीट, गुडघा काय म्हणतो. त्या प्रश्नाने मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं की ती सांगेल ते पैसे देऊन मी निघायचे.

परवा कोळंबीचा भाव ऐकून मी लगेच पाकीट काढलं. तिने कोळंबी पिशवीत घातलीच नाही. हात बर्फात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“तू भाव का नाय करत गो हल्ली?” ती म्हणाली. “आधी दहा-दहा रुपयांसाठी माझा जीव खायचीस.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या तोंडावर पडलं असणार.

“म्हणजे तूच,” ती म्हणाली. “लोक बोलत होते बाकड्यावाल्या बाईचं. मी म्हटलं, नाय, ती तशी नाय.”

मी सांगायला लागले. बाबांचे गुडघे, बैठक, पत्ता असाच सांगतात वगैरे. माझं मलाच ते वकिलीसारखं वाटायला लागलं. लिफ्टमधली गोष्ट मात्र मी तेव्हाही सांगितली नाही. तिने मध्येच थांबवलं.

“भाव कर,” ती म्हणाली. “करायचा नसेल तर दुसरीकडून घे. मला भीक नको.”

मी भाव केला. भर रस्त्यात पन्नास रुपये कमी कर म्हणाले. तिने एक रुपया सोडला नाही. कोळंबी मोजून दिली, पैसे घेतले आणि पुढच्या बाईकडे वळली. बाबांचं तिने काही विचारलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग विचारलं, मावशी काय म्हणाली.

“तुमची चौकशी करत होती,” मी म्हटलं, आणि कोळंबी सोलायला घेतली.