घसरू न देणारा निवृत्ती

पुतणीचा स्नोबोर्ड मी मोडला. हे वाक्य लिहायला आज दोन मिनिटं लागली. तेव्हा तोंडातून बाहेर पडायला तीन दिवस लागले होते.

दोष द्यायचाच तर शेवग्याला द्यावा. आमच्या लोणावळ्याच्या घरामागं शेवग्याचं झाड आहे, आणि हाताला लागेल अशा उंचीवर शेंग धरायची नाही असा त्याचा बाणा आहे. बायको बहिणीकडे सुदुंबऱ्याला गेलेली, म्हणजे अडवणारं कुणी नव्हतं. शिडी शेजाऱ्यांनी नेलेली. मग मी दोन स्टुलं अडीच हातांच्या अंतरावर मांडली आणि त्यांवर आडवं टाकायला घरात जे सगळ्यात लांब, रुंद आणि मजबूत दिसलं ते आणून टाकलं. ते अपेक्षाचं होतं. मी चढलो. पहिली शेंग तुटली, दुसरी तुटली. तिसऱ्या वेळी जो आवाज आला तो शेंगेचा नव्हता.

अपेक्षा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात नोकरी करते आणि डोंगरावरच्या बर्फावरून फळीवर उभी राहून खाली यायचा तिला नाद आहे. तीन दिवाळ्यांचे बोनस साठवून तिनं ही फळी घेतली. खोलीत दोन मैत्रिणी राहतात, तिथं फळी न्हाणीघराच्या दारामागं उभी राहायची आणि रात्री-अपरात्री कुणाच्या तरी डोक्यात पडायची. म्हणून ती माझ्याकडे आणून ठेवली. म्हणाली, "काका, तू पोस्टात होतास. तुझ्याकडं नीट राहील." चौतीस वर्षं मी लोकांची पार्सलं सांभाळली, त्यात काचेच्या बांगड्या होत्या, एकदा तर लोणच्याची बरणी होती. एकाचीही तक्रार नाही. घरातला हा एवढा एकच माणूस माझ्या नोकरीबद्दल आदरानं बोलतो. ती शुक्रवारी सकाळी फळी न्यायला येणार होती, संध्याकाळी विमान, पुढं गुलमर्गला पंधरा दिवस. आणि तो दिवस होता मंगळवार.

सुताराला दाखवली. दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या मारून चार नटबोल्ट आवळतो म्हणाला, आणि हे दार नेमकं कुठलं, असंही त्यानं विचारलं. मी पुढं निघालो. बाजारात एका चिक्कीच्या दुकानापुढं फायबरची गाय उभी असते. मागल्या वर्षी एक पर्यटक तिच्यावर बसला आणि गाय तीन पायांवर आली होती. आता ती चार पायांवर उभी दिसली. मालकाला विचारलं. तो म्हणाला, पवनानगरला जा, निवृत्तीकडं. फक्त त्याच्याशी खोटं बोलू नका.

हा सल्ला मी ऐकला, पण मनावर घेतला नाही.

फळी चादरीत गुंडाळून जीपमध्ये बसलो. शेजारी बसलेल्या एका मावशींनी चादर चाचपून पाहिली आणि इस्तरीची फळी का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी फळीचं हे टोक पाहिलं, ते टोक पाहिलं, आणि पवनानगर येईपर्यंत एवढं लांब धोतर कोण नेसतं याचाच विचार करत बसल्या.

निवृत्तीभाऊंची शेड धरणाच्या कडेला आहे. आत एक उपडी होडी, चोच नसलेला पेंग्विन, घसरगुंडीचा अर्धा तुकडा आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. भाऊ साठीच्या आसपासचे, अंगानं काटकुळे. दहाही नखांवर फायबर चिकटवायचं रेझिन सुकून चमकत होतं, त्यामुळं माणूस नटून बसल्यासारखा वाटायचा. चष्म्याची एक काडी फायबरनंच जोडलेली. बावीस वर्षं सुदुंबऱ्याच्या पलीकडं एका कारखान्यात त्यांनी फायबरच्या टाक्या केल्या. कारखाना बंद पडला तेव्हा ते गावी परत आले, आणि त्याच सुमारास गावाकडं होड्या आल्या. धरणाभोवती तंबू लागले, तंबूवाल्यांनी होड्या घेतल्या, पाहुणे त्या फोडू लागले. रिसॉर्टवाल्यांनी जिराफ आणि पेंग्विन उभे केले, पाहुणे त्यांना मिठ्या मारू लागले. भाऊंना तेव्हापासून उसंत नाही.

मी चादर सोडली. त्यांनी फळी मांडीवर घेतली, पालथी केली, भेगेवरून अंगठा फिरवला.

"कशी मोडली?"

"पडली."

"कुटनं?"

"भिंतीला उभी होती, तिथनं."

"भितीवरनं पडली तर कोपरा फुटतो," भाऊ म्हणाले. "ही मधी वाकून मोडलीया. दोनीकडं टेकू, मधी माणूस. नव्वद किलूचा."

"चौऱ्याऐंशी," मी म्हणालो.

"म्हंजे तुमीच."

चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत एवढ्या कमी प्रश्नांत मला कुणी पकडलं नव्हतं. मी शेवगा, शिडी, स्टुलं, सगळं सांगून टाकलं. भाऊंनी मान डोलावली आणि मगच फळी कामाच्या टेबलावर ठेवली. वस्तू कशी मोडली हे खरं कळल्याशिवाय ते हात लावत नाहीत. वाकून मोडली तर फायबर एका दिशेनं बसवायचं, आदळून फुटली तर दुसऱ्या. एका तंबूवाल्यानं होडी वाऱ्यानं फुटली म्हणून सांगितलं होतं. भाऊंनी ती वाऱ्याच्या हिशेबानं जोडली. प्रत्यक्षात त्याच्या सासरची आठ माणसं चौघांच्या होडीत बसली होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली आणि गुडघाभर पाण्यात होडीसकट उभी राहिली. तेव्हापासून भाऊंचे दोन कायदे. मोडणाऱ्यानं खरं सांगायचं, आणि जोडलेल्या वस्तूवर पहिल्यांदा मोडणाऱ्यानंच बसायचं. लग्नाआधीचे फोटो काढताना एका नवरदेवानं जिराफाची मान उपटली होती. मान बसवल्यावर त्याला सगळ्यांदेखत पुन्हा लोंबकळायला लावलं. नवरीनं तोही फोटो काढला म्हणतात.

या फळीनं करतात काय, असं भाऊंनी विचारलं. मी फोनवर अपेक्षाचा व्हिडिओ लावला. हिरावहिनी, म्हणजे भाऊंच्या मंडळी, भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बघायला आल्या. पांढराशुभ्र डोंगर, त्यावरून अपेक्षा सूं करून खाली येते, पडते, उठते, परत पडते. वहिनींनी विचारलं, ही वर कशी जाती. मी म्हटलं, तारेवर पाळणे असतात, त्यात बसून.

"मंग पाळण्यातच बसून खाली यावं की," वहिनी म्हणाल्या आणि भाकरीकडं गेल्या.

भाऊंनी मात्र अपेक्षा जिथं पडते तेवढाच भाग तीनदा पाहिला. मग फोन परत देत म्हणाले, बेस्तरवारी या. एखादा सर्जन पेशंटच्या नातेवाइकाला सांगतो तसं म्हणाले. मला तिथंच शंका यायला हवी होती.

गुरुवारी गेलो तर फळी टेबलावर तयार. भेग कुठं होती हे मलाच दाखवता येईना, आणि भेग पाडणारा मीच. माझे डोळे भरून आले.

"वरचं ऱ्हाऊ द्या," भाऊ म्हणाले. "खालनं हात फिरवा."

खालून हात फिरवला आणि माझा तळवा सोलला. नुकताच टाकी लावलेला पाटा असावा, तशी ती फळी खालून खरखरीत झाली होती. होडीत पाय ठेवायच्या जागी ओल्या रेझिनवर बारीक वाळू चाळतात, पाहुण्याचा पाय सटकू नये म्हणून. तीच वाळू भाऊंनी फळीच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत लावली होती. दोन थर.

"आता पोरगी घसरायची न्हाई," भाऊ म्हणाले. "बावीस वर्सं कारखान्यात आन बारा वर्सं हितं. माझ्या कामावरनं आजवर कोन घसरलं न्हाई."

मी पेंग्विनला टेकलो. भाऊ, म्हटलं, ती तिथं घसरायलाच जाते. घसरणं हेच काम आहे. भाऊंना आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. मुद्दाम घसरती? हो. इमानानं जाऊन? हो. शिकवायला मास्तर असतो? असतो. भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू पुतणीला वेळेत आवरायचं सोडून हा माणूस फळ्या जोडत फिरतोय. आतून वहिनींचा आवाज आला, आमच्या हितं पावसाळ्यात बांधावरनं सगळीच घसरत्यात, कोन इमानानं न्हाई जात.

भाऊ बराच वेळ त्या वाळूवर हात फिरवत बसले. जन्मभर एक माणूस दुसऱ्याला सटकू न देण्यासाठी राबला, आणि आता त्याला उलटं करायला सांगायचं, ही गोष्ट सोपी नव्हती. मी सांगितलं, अपेक्षाला जायचंय, आणि यंदा नाही गेली तर तो माझ्यामुळं हुकलेला तिचा पहिला आनंद असेल. भाऊ उठले, पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागले. दुपार कलेपर्यंत घासत होते. मधेच एकदा म्हणाले, फकस्त तुमच्या पुतणीसाठी. शेवटी वहिनींकडून मेणबत्ती घेऊन त्यांनी पोटाला मेण चोळलं, तेव्हा फळी टेबलावरून आपोआप सरकली आणि तिला धरायला आम्ही तिघंही धावलो.

आता दुसरा कायदा. मोडणाऱ्यानं बसायचं, आणि इथं तर उभंच राहायचं होतं.

शेडमागं उतार आहे. जानेवारीतलं वाळलेलं गवत, सगळं एका अंगाला झोपलेलं. मावळात त्यावरून चप्पल घालून उतरणाऱ्याला लोक आधी घरी कळवलंय का विचारतात. फळीवर बूट अडकवायचे पट्टे भाऊंनी कामासाठी काढले होते. ते कुठल्या भोकांत आणि कसे तिरके बसवायचे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी ठामपणे सांगितलं, दोन्ही पाय पुढं, रेशनच्या रांगेत उभं राहतो तसे. पोस्टातला माणूस अडला तरी ठाम बोलतो. भाऊंनी तसे पट्टे आवळले, माझे कॅनव्हासचे बूट त्यात करकचून बांधले आणि होडी पाण्यात लोटतात तसं मला कमरेखाली हात घालून लोटलं.

पहिली काही पावलं मी उभा होतो, हे नोंदवून ठेवतो. त्यानंतर मी बसलो. त्यानंतर काय होतो ते नीट सांगता येणार नाही. एक म्हैस चरता चरता बाजूला झाली, तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, नापसंती होती. खालच्या तंबूतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या शेतवाल्या भिकाजीच्या भाताच्या पेंढ्याची गंजी वाटेत होती, ती आता वाटेत नाही. भाऊ धावत आले, पेंढ्यातून बाहेर राहिलेले माझे पाय धरून त्यांनी मला ओढलं आणि आधी फळी तपासली.

"फळी पास," ते म्हणाले. "पाय नापास. जिची हाय तिला इचारा कसं लावायचं."

मी म्हटलं, विचारलं की तिला कळेल. तिला कळू नये म्हणूनच तर मी इथं आलो. अंदाजे लावा. भाऊ म्हणाले, अंदाजे लावलेली वस्तू माझ्या शेडमधनं बाहेर जात न्हाई. आणि हातातला पाना वहिनींच्या हातात देऊन ते चहा प्यायला बसले.

कानातला पेंढा काढत मी अपेक्षाला फोन लावला. आडून आडून विचारलं, तुझ्या त्या फळीवर पाय कसे असतात गं, असंच, जरा कुतूहल म्हणून.

"काका, कुठं मोडली?"

"मधोमध," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, ज्यांनी जोडली त्यांना दे फोन. पुढली वीस मिनिटं फोन भाऊंकडं होता. डावा पाय एवढा तिरका, उजवा जवळजवळ आडवा, कडेच्या पट्टीची धार मारायची नाही, मेण पुन्हा एकदा गरम करून लावायचं. भाऊ पेंग्विनच्या पाठीवर खडूनं लिहून घेत होते. मधे एकदा हसलेही. माझ्याशी ते हसले नव्हते.

शुक्रवारी सकाळी अपेक्षा गाडी घेऊन थेट पवनानगरलाच आली. मी आदल्या दिवशी सगळे कबुलीचे शब्द संपवले होते, त्यामुळं नुसताच उभा राहिलो. तिनं फळी दोन विटांवर टाकली, तिच्यावर चढून उड्या मारल्या, वाकवली, कानाशी नेऊन ठोकून ऐकली. भाऊ हाताची घडी घालून उभे. मग तिनं विचारलं, हे जोड दिसत का नाहीत. भाऊ म्हणाले, दिसाया नगं म्हनून. वहिनींनी तिला तिळाचे लाडू बांधून दिले आणि शक्य तेवढं पाळण्यातूनच ये, असं बजावलं.

मी चहाचे कप आत नेऊन ठेवत होतो तेव्हा ती आणि भाऊ गाडीपाशी काहीतरी बोलत होते. बाहेर आलो तर ती निघालीच होती. काच खाली करून "येते काका" म्हणाली आणि माझ्या कॉलरमधून पेंढ्याची एक काडी उपटून घेऊन गेली. मला फार बरं वाटलं. गाडी वळणाआड गेली तसा मी भाऊंना म्हणालो, बघा, मुलगी मनात ठेवत नाही. परत आली की फळी ठेवायला पुन्हा माझ्याकडंच येईल, शेवटी काका आहे मी.

"न्हाई, हितं ठिवनार हाय, मला इचारून गेली."