चार नंबरचा जोड

"मास्तर, हा चांगला तुकडा कोणाचा?"

भैयासाहेबांनी विचारलं तेव्हा मी उभा होतो. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा कोणी म्हटलं नव्हतं. टेबलाच्या काचेवर ओरखडे नकोत म्हणून वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर टायटॅनियमच्या नळीचे दोन जोडलेले तुकडे होते. एकाचा जोड चांदीसारखा, दुसऱ्याचा निळा पडलेला.

"मडावीचा," मी म्हणालो.

"मडावी? जंगलातून थेट विमानात?"

ते हसले. खुर्चीत त्यांचा भाचा विक्रांत बसला होता, तोही हसला.

मीही हसलो.

हे आधी लिहून टाकतो. बाकी सगळ्याला मी आजवर कारणं देत आलो. त्या हसण्याला कारण नव्हतं. हसा, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

"चांगला विक्रांतचा. दुसरा तिचा. मारा नंबर," भैयासाहेब म्हणाले.

"भैयासाहेब, हे एक्स-रेला जाणार आहेत."

"म्हणूनच तं सांगून राह्यलो. तुमचा बाप आमच्या जिनिंगात रुई तुडवे. त्याच्या पोराले आम्ही मास्तर म्हणतो. अजून काय पाह्यजे तुमाले?"

मला काही नको होतं. मी हातोडी आणि आकड्यांचे पंच घेतले. चांदीसारख्या जोडाशेजारी सात ठोकला, तो विक्रांतचा नंबर. निळ्या जोडाशेजारी चार ठोकला, तो सुनंदा मडावीचा. दोन ठोके. दोन्ही आकडे सरळ उमटले. एखादा वाकडा उमटला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

मी आंजी गावचा. वय एकाहत्तर. आमच्या वस्तीतला सरकारी नोकरी लागलेला पहिला माणूस. तीस वर्षं आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवलं. जिल्ह्यात कुठेही पूल, गेट, टाकी दिसली की कोणीतरी सांगतं, सर, हा तुमच्या पोराचा जोड. निवृत्त झाल्यावर भैयासाहेबांनी त्यांच्या कारखान्यात बोलावलं. त्यांना नागपूरकडच्या एका मोठ्या विमानांच्या कारखान्याचं काम मिळालं होतं, इंजिनाजवळच्या बारीक नळ्यांचं. जोडणारी माणसं तयार करायची होती. मी हो म्हणालो. मालकाच्या घरची गाडी न्यायला येते, हे वस्तीत दिसावं असंही मला वाटत होतं. हेही खरं.

टायटॅनियम तापलं की हवा धरतं. जोडावर आतून-बाहेरून आर्गनचा गॅस राहिला पाहिजे. जरा हवा लागली की रंग फिरतो. आधी पिवळसर, मग निळा, मग पांढरी भुकटी. चांदीसारखा राहिला तरच जोड खरा. त्यासाठी डोळा लागतो आणि एका चालीनं पुढे सरकणारा हात लागतो. थांबलास की मेलास.

तसा हात मी आयुष्यात तीनदा पाहिला. त्यातला एक सुनंदाचा. ती कारंज्याजवळच्या खेड्यातली. बाप जंगलखात्यात रोजंदारीवर, घरी गोंडी बोलतात. जोड धरला की ती तोंडातल्या तोंडात गोंडीत काहीतरी म्हणायची. एकदा विचारलं तर लाजली. म्हणाली, "धातूले सांगतो सर, अजून थोडंसं, अजून थोडंसं."

मोठ्या कारखान्याला आमच्याकडचा एकच वेल्डर कायम करून घ्यायचा होता. परीक्षा तिघांनी दिली. तिसऱ्याच्या जोडाला आरपार भोक पडलं. उरले दोघं.

आता ती गोष्ट, जी माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. नियम असा की परीक्षेच्या तुकड्यावर नंबर आधी ठोकायचा, जोड नंतर करायचा. म्हणजे कोणाचा जोड यात घोळ होत नाही. आयटीआयमध्ये मी उलटं सुरू केलं होतं. पोरं तुकडे फार वाया घालवायची. म्हणून आधी जोड, तो पसंत पडला तरच नंबर. "मास्तरचा नंबर मिळाला" असं पोरं मिरवायची. मलाही ते आवडायचं. हीच पद्धत मी भैयासाहेबांच्या कारखान्यात नेली. कोणी अडवलं नाही. मडावीचं नाव पुसायला जी फट लागली, ती मीच ठेवली होती.

एक्स-रेचा निकाल आला. चार नंबर नापास, जोडात बुडबुडे. सात नंबर पास.

सुनंदा माझ्याकडे आली. डोळ्यात पाणी नव्हतं. हातात वही होती.

"सर, काऊन नापास झाली मी? लिहून घेतो, म्हणजे पुन्हा नाई होणार."

मी काय बोललो ते शब्दाला शब्द आठवतं.

"हात घाई करते तुझा. थांबत थांबत जात जा."

तिनं ते वहीत लिहिलं.

नंबर ठोकला तो भैयासाहेबांच्या सांगण्यावरून. हे मात्र मी माझ्या मनानं बोललो. माझं तोंड वाचवायला मी तिच्या हाताला दोष दिला. आणि तिनं विश्वास ठेवला. पुढचा महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ती भंगारातल्या तुकड्यांवर थांबायला शिकत होती. न थांबणं हाच तिचा गुण होता. मी पाहत होतो. जोड आधी पिवळे पडू लागले, मग निळे. एक दिवस तिनं हातमोजे धुऊन कपाटात ठेवले आणि गेली.

विक्रांत नागपूरला गेला. आता तिथे तो इतरांचे जोड तपासतो.

दोन वर्षं मी गप्प होतो. जेवत होतो, झोपत होतो. शिक्षकदिनाला माझ्या गळ्यात हार पडला, तोही घालून घेतला.

या उन्हाळ्यात मेहुण्याच्या नातीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, कारंज्याला. परत येताना हायवेवर गाडीसाठी उभा होतो. शेजारी एक शेड. ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, ढाब्याच्या खाटा, असलं काम. आत सुनंदा. ती एका बाईला शिकवत होती. बाई तिच्यापेक्षा मोठी, पदर खोचलेला.

"काकू, घाई नाई करायची. थांबत थांबत जा. माहा हात घाई करे, म्हणून मी विमानाच्या परीक्षेत नापास झालती. आमच्या सरनं सांगतलं."

"मंग सर हुशार व्हते म्हनायचे."

"हाव तं. मोठे होते."

मी खोटं बोललो होतो एका पोरीशी. ते आता दुसऱ्या बाईच्या हातात उतरत होतं. तिथून आणखी कोणाच्या. मी तीस वर्षं शिकवलं आहे. शिकवलेलं किती लांब जातं ते मला माहीत आहे.

मी शेडमध्ये गेलो. तिनं मला पाहून स्टूल पुसलं. "या ना सर, चहा सांगतो." मी बसलो नाही.

"तू नापास झाली नव्हतीस. चांगला जोड तुझा होता. नंबर मी बदलला."

मशीन बंद केलं तिनं. काकू दोघांकडे पाहू लागली.

"चांदीवाणी होता तो?"

"हो."

"अन् हाताचं?"

"तेही खोटं. तुझा हात बरोबर होता."

तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेणार होतो. मी म्हणालो, "मले माफ कर बेटी."

"बेटी नका म्हणू." आवाज चढला नव्हता. "अन् मले कायले सांगून राह्यले? मले तं माहीत नव्हतं, तवा मी बरी होती. जिथं नंबर ठोकला, तिथं सांगा."

मग काकूकडे वळली. "काकू, मघाशी सांगतलं ते इसरा. थांबायचं नाई."

दुसऱ्या दिवशी मी भैयासाहेबांकडे गेलो. नवी परीक्षा जवळ आली होती. त्यांनी माझ्यासमोर आकड्यांच्या पंचांची पेटी सरकवली. पास करायचा तो या वेळी कोणाचा तरी मेहुणा होता.

मी म्हणालो, "नंबर आधी ठोकीन. सगळ्यांसमोर. जोड नंतर. आणि मागचा चार नंबर दुरुस्त करायचा आहे."

"मास्तर, वय झालं तुमचं. अन् सही कोणाची आहे त्या परीक्षेच्या कागदावर? तुमचीच ना? आमचं काय जाते?"

"माझीच आहे. म्हणूनच सांगायचंही मलाच."

"लोक थुंकतील तोंडावर."

"थुंकू द्या."

ते या वेळी हसले नाहीत. मी पेटी उचलली नाही.

हे सगळं मी मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागाला लिहिलं आहे. सात नंबरचा जोड सुनंदा मडावीचा. चार नंबरचा विक्रांतचा. विक्रांत तपासून पाठवतो ते जोड पुन्हा तपासा. मडावीची परीक्षा पुन्हा घ्या, नंबर आधी ठोकून. दोन वर्षं जाळ्या जोडून आणि माझ्या खोट्यावर हात फिरवून ती आज कमी पडली, तर तो दोष तिच्या नावावर लिहू नका. माझ्या लिहा. हसलो होतो, तेही लिहिलं आहे. खाली माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, वस्तीचं नाव.

मुलगा म्हणतो, "बाबा, आता कायले? चार दिवस राह्यले, इज्जतीनं काढा."

माझ्या इज्जतीचा एक भाग मडावीचा आहे. तो घरात ठेवून मला मरायचं नाही.

कागद टपालानं पाठवणार नाही. सोमवारी स्वतः नेणार आहे. घ्यायला नकार दिला तर फाटकात बसेन आणि शिफ्टला येणाऱ्या प्रत्येक वेल्डरला मोठ्यानं वाचून दाखवीन. सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.