पच्चै म्हणजे हिरवा नव्हे

ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द मी खोडरबराने पुसले, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मद्रासला समुद्री जीवांवर काम करणाऱ्या एका संस्थेत मी पुण्याहून नोकरीला आलो होतो आणि माझ्या वाट्याला स्पंज आले होते. स्पंज नुसता बघून ओळखता येत नाही. चिमूटभर तुकडा ॲसिडात उकळायचा, मांस विरघळलं की तळाशी काचेच्या बारीक सुया उरतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. दक्षिणेकडच्या प्रवाळातून आलेल्या एका स्पंजाच्या सुया कुठल्याच पुस्तकाशी जुळेनात. नवी जात! मी हवेत होतो.

वर्णनात जिवंतपणीचा रंग द्यावा लागतो, आणि स्पिरिटात पडलेला स्पंज राखाडी होतो. रंग पाहिला होता फक्त तो वर काढणाऱ्या शंखबुड्याने, शंखांसाठी समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसाने. किनाऱ्यावर जाऊन मी त्याला मोडक्या तमिळमध्ये विचारलं. तो म्हणाला, "पच्चैया इरुक्कुरप्पो मंजळ." भाजीबाजारात शिकलेल्या माझ्या तमिळमध्ये पच्चै म्हणजे हिरवा आणि मंजळ म्हणजे पिवळा. जिवंतपणी हिरवा, मागाहून पिवळा पडतो, असं मी लिहून टाकलं. जातीचं नावही ठरवलं: लॅटिनमधला 'हिरवा'.

खर्डा बाईंकडे दिला. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या, मैलापूरहून बसने यायच्या. इतकी वर्षं काम करून अजून हंगामीच होत्या. कायम करण्याचे कागद तेव्हा कुठे हलू लागले होते. खर्ड्यात बुड्याचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं. ते वाचून त्या थांबल्या.

"सार, हे हिरवं कुठून आणलंत?"

"बुडीवाला म्हणाला ना, पच्चै."

"इथे पच्चै म्हणजे कच्चं. ताजं. ताजा असतो तेव्हा पिवळा, असं म्हणतोय तो. न उकडलेल्या तांदळाला पच्चरिसी म्हणतात, तो काय हिरवा असतो? न तापवलेलं पाणी पच्चत्तण्णी. मागून बघा कँटीनमध्ये, हिरवं देतात का ते."

शेजारचा कारकून हसला. तेवढं पुरलं मला. म्हणालो, "बाई, तुमचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते तिथेच बसलंय. अर्थ सांगू नका, टाइप करा."

त्यांनी केलं. खर्ड्याच्या समासात फक्त लिहून ठेवलं: 'पच्चै, कच्चं?'

वर्णन छापून आलं, माझं कौतुक झालं. पुढे दुसरीकडच्या एका संशोधकाने पाण्यात उतरून त्या स्पंजाचे रंगीत फोटो काढले आणि थेट आमच्या संचालकांना धाडले. हळदीसारखा पिवळा. हिरव्याचा ठिपका नाही. संचालकांनी खर्ड्याची फाइल मागवली. ती नेऊन देण्याआधी मी ते दोन शब्द पुसले, कागदावरचा चुरा फुंकला, आणि आत जाऊन म्हणालो, "सर, मला तमिळ कुठे येतं? अर्थ बाईंनी सांगितला."

संचालक म्हणाले, "ही तंजावरची मंडळी. ना धड तमिळ, ना धड मराठी." मी हसलो. त्या हसण्याची आजही चीड येते. संचालकांचीही येते, एका प्रश्नासाठी त्यांनी बाईंना आत बोलावलं नाही. मी केबिनच्या बाहेर येऊन बाईंच्या टेबलापुढून गेलो.

त्यांचे कायम करण्याचे कागद नामंजूर होऊन परत आले. शेरा होता, भाषेचं ज्ञान अपुरं. ज्या बाईला घरात मराठी, दारात तमिळ आणि टाइपरायटरवर इंग्रजी येत होतं, तिच्याबद्दल.

हंगामी नोकरीही गेली. शेवटच्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या. "सार, समासात मी लिहिलं होतं."

"मला नाही दिसलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि पुढे, "माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं तमिळ शिकवलं शाळेत. त्यांना काय सांगू, तेवढं तुम्हीच सांगा."

मी ड्रॉवर उघडून काहीतरी शोधत राहिलो.

मला पुढे बढती मिळाली. नियम असा की छापलेलं नाव चुकीच्या अर्थाचं निघालं तरी बदलत नाही. त्या पिवळ्या जिवाला जगभर हिरवा म्हणतात आणि पुढे माझं आडनाव लावतात. ज्याने तो बाहेर काढला त्या बुड्याचं नावही मी कधी विचारलं नाही. कुणी कौतुकाने त्या जातीचा विषय काढला की थोबाडीत द्यावीशी वाटते. त्याच्या नव्हे.

बाईंची नोकरी मी परत देऊ शकत नाही. पण जिथे वर्णन छापलं तिथेच दुरुस्ती छापता येते: रंग पिवळा आहे, अर्थ मी चुकवला, बाईंनी तो वेळीच बरोबर सांगितला होता, आणि तो मी पुसला. हे त्यांच्या नावानिशी छापून आणणं, आणि तो अंक घेऊन स्वतः त्यांच्या घरी जाणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.