शुक्रवारचा फाइव्ह-नाइन

विल्सनची बातमी मला वॉर्डातच मिळाली. शिफ्ट संपत आली होती, घरी जाऊन पाय पसरायचे एवढंच डोक्यात होतं, आणि कॅज्युअल्टीतून फोन... "सिस्टर, खाली या. तुमचे मिस्टर आहेत." रोज लोकांचे मिस्टर बघते मी. माझा नवरा मात्र माझी वाट न बघताच गेला होता. त्याला महिना होऊन गेला, थकवा काही उतरत नाही.

आम्ही वसईचे. इथे आखातात, उम्म अल हस्समला अगदी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तो गच्चीसाठी, कारण विल्सनला हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं वेड. त्या वेडामागे त्याचा थोरला भाऊ होता. वडील गेले तेव्हा विल्सनला कंपनीने लीव्ह दिली नाही, तो मयताला पोचला नाही. पास्कलभाऊजींनी बोलणंच टाकलं. आवाज ओळखला की फोन ठेवून द्यायचे. पण तेही हॅम, आणि हॅमवाल्यांची रीत अशी की कुणी आपली कॉल साइन, म्हणजे लायसनवरचा सांकेतिक नंबर, घेऊन हाक मारली तर ओ द्यायची. ती रीत भाऊजींनी मोडली नाही. दर शुक्रवारी जेवणं झाली की दोघं रेडिओवर भेटायचे. नाव नाही, ख्यालीखुशाली नाही. कॉल साइन, हवामान, सिग्नल कसा येतोय... खलास. "फाइव्ह-नाइन" म्हणजे स्वच्छ, खणखणीत. तेवढं भावाच्या तोंडून ऐकलं की स्वारी दिवसभर शीळ घालायची.

मग भाऊजी सिग्नलचे जे आकडे सांगायचे ते उतरायला लागले. विल्सनने कॉम्प्युटर आणला. त्यातल्या प्रोग्रॅममध्ये उभ्या अँटेनाची लांबी बदलायची आणि लाट किती जोरात, कुठल्या कोनात सुटते ते बघायचं. चपात्या गार व्हायच्या, हे बघतच. जोर वाढतोय म्हणून गच्चीवरचा अँटेनाचा पाइप वाढवत गेला. मग एका शुक्रवारी वसईहून उत्तरच नाही. पुढच्याही शुक्रवारी नाही. "आता त्याने हेही तोडलं गं," म्हणाला, आणि ताटावरून उठला. नंतर एकदा कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या कपाळावर हात मारला. "मी नुसता जोर बघत बसलो, कोन बघितलाच नाही. वसई गाठायची तर लाट आडवी, जमिनीलगत सुटायला हवी. माझी सगळी वर चाललीये."

"देवाला तरी पोचली असेल," मी म्हटलं. तो हसला नाही.

पाइप कापला. लाट आडवी सुटावी म्हणून त्याच्या बुडाशी गच्चीभर तारा अंथरल्या, त्या ओलांडत मी चादरी वाळत घालायची. त्या शुक्रवारी भाऊजींनी ओ दिली. फाइव्ह-नाइन. विल्सन बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आला.

तो गेल्याचं मीच भाऊजींना फोनवर कळवलं. "बरं," म्हणाले आणि ठेवून दिला. मला इतका राग आला होता...

परवा शुक्रवारी धूळ पुसताना विल्सनचा रेडिओ सेट चालू केला. खरखर, आणि त्यातून भाऊजी. कॉल साइन नव्हती. "विल्या... अरे विल्या, ऐकू येतंय का?" थांबायचे, पुन्हा तेच. लायसन विल्सनचं, मला बोलायची परवानगी नाही. तरी मी माइक घेतला, बटण दाबलं. "भाऊजी, मी आहे."

मग म्हणाले, "सिग्नल कसा येतोय?"

"फाइव्ह-नाइन," मी सांगितलं.

घरमालक अँटेना उतरवा म्हणतोय. त्याला म्हटलं, इतक्यात नाही.