डाव्या हाताचा चाकू

चाकूनानांच्या हातात कोणी घडीचा चाकू ठेवला, की ते आधी त्याच्याकडे बघत नसत. चाकू कानाजवळ नेत, अंगठ्याच्या नखानं पातं उघडत, मिटत, आतल्या कमानीचा खटका ऐकत, पुन्हा उघडत. मग समोरच्या भिंतीकडे बघत सांगत, "विलायती. कमान मूळची. पातं मागाहून बसवलंय." त्यानंतर चाकू उजेडात धरायचा आणि आपण बोललो ते खरं निघालं की नाही ते तपासायचं. बहुतेक वेळा खरंच निघे. खोटं निघालं तर तेही मोठ्यानं सांगत.

धुळ्याच्या मोजणी खात्यात आम्ही दोघं बरोबर होतो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. पांझरेपलीकडे देवपुरात आमची घरं एका भिंतीला लागून. वर्षातले सात-आठ महिने आम्ही साखळी आणि नकाशे घेऊन गावोगाव हिंडायचो. शेताची हद्द कुठं संपते हे सांगण्यात मला रस, नानांना त्या गावात जुने चाकू कोणाकडे आहेत यात. आठवडेबाजाराच्या दिवशी ते हमखास नाहीसे व्हायचे. संध्याकाळी परतले की खिशातून एखादी शिंगाची मूठ डोकावत असायची.

चाकू मिळवण्याची त्यांची रीत साधी होती. स्वतःजवळ दोन-तीन नवे चाकू ठेवायचे आणि "जुना दे, नवा घे" म्हणायचं. गुराख्याला नव्या धारेचा आनंद, नानांना जुन्या कमानीचा. घरी आणला की रॉकेल आणि कोंबडीचं पीस घेऊन बसायचे, सांध्यातली माती काढायचे, साणेवर धार करायचे, आणि मग कागदाच्या चिठ्ठीवर बारीक मोडीत लिहायचे: कुठल्या बाजारात मिळाला, कुठल्या गावची घडण, कोणती खूण. चिठ्ठी दोऱ्यानं चाकूला बांधून शिसवी पेटीत. वहिनी म्हणत, "एवढ्या धारा घरात, आणि कांदा चिरायला मला विळीच." त्यावर नाना हसत, पण चाकू देत नसत.

जुनेपणाच्या नावाखाली फसवणारेही भेटत. एकदा यावलच्या बाजारात एकानं गंजून लाल झालेला चाकू आणला आणि पणजोबाचा म्हणून सांगितला. नानांनी तो दोनदा उघडला-मिटला आणि परत दिला. "गेल्या पावसाळ्यात पुरला होतास का?" असं शांतपणे विचारलं. तो माणूस हसला आणि चालता झाला. नाना मला म्हणाले, "गंज म्हणजे वय नव्हे भाऊ, हयगय आहे. वय कमानीत बघायचं." साहेबालाही ते असंच बोलत. आमच्या एका गोऱ्या साहेबानं आजोबांचा चाकू मोठ्या कौतुकानं दाखवला, तेव्हा नाना म्हणाले, "मूठ आजोबांची असेल साहेब, पातं आपल्याच वयाचं आहे." मी घाईघाईनं नकाशे आवरू लागलो. साहेबानं मात्र चाकू खिशात घातला, आणि पुढं महिनाभरानं घरून पत्र आल्यावर स्वतः येऊन सांगितलं, की पातं वडिलांनी बदलून घेतलं होतं.

अशा माणसाकडं ती बाई आली. पहिली मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. भडगावच्या बाजूला गिरणेकाठच्या एका गावाहून एक म्हातारा आपल्या सुनेला घेऊन बैलगाडीनं देवपुरात आला. सुनेचं नाव तुळसा. वीस-बावीस वर्षांची, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात भरून बांगड्या. तिचा नवरा खेचरांच्या पलटणीबरोबर लढाईवर गेला होता. दोन महिन्यांपूर्वी तो तापानं वारल्याचा कागद आला, आणि मागून त्याच्या सामानाचं गाठोडं. गाठोड्यात एक घोंगडी, एक पितळी पेला आणि एक घडीचा चाकू. चाकू बघून तुळसा म्हणाली, हा त्यांचा नाही. त्या दिवसापासून तिनं कोणाला कुंकवाला हात लावू दिला नव्हता.

म्हातारा नानांना बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, तुम्ही फक्त हां म्हना. पोर दोन महिनापासून हट लई बठेल शे. मना पोर्‍या गया, माले माहीत शे. तुम्हीन सांगं ते ती ऐकी."

नानांनी चाकू मागून घेतला. ओट्यावर बसून चाकू कानाशी नेला, मग उजेडात धरला आणि बराच वेळ मूठ बोटांनी चाचपत राहिले. शेवटी तुळसाला विचारलं, "तुना नवरा कोनता हातवरी काम करे?"

"डावा," ती म्हणाली. "जेवनबी डावा हातवरी. सासू वरडे."

नानांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. मग नानांनी आम्हाला दाखवलं. मूठ एका बाजूनं, उजव्या हाताचा अंगठा टेकतो तिथं, गुळगुळीत झिजली होती. पात्यालाही त्याच हाताच्या बेतानं पुन्हापुन्हा धार लावलेली होती. हा चाकू तीन-चार वर्षं उजव्या हातात राबला होता.

"बाई, हाऊ चाकू तुना नवराना नही," नाना म्हणाले. तुळसाचा चेहरा एकदम उजळला. तसे नाना पुढं म्हणाले, "पन तो जित्ता शे का नही, हाई चाकूले माहीत नही. तेवढं ध्यानमा ठेव."

तिनं मान हलवली, पण दुसरं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं, हे मला दिसत होतं. म्हाताऱ्यालाही दिसलं. गाडी जुंपताना तो नानांकडे न बघता म्हणाला, "खोटं बोलतात तर पुन्यच लागतं तुम्हले." नानांच्या विनंतीवरून तो चाकू मात्र त्यानं मागं ठेवला.

त्या संध्याकाळी मी नानांना बोललो. एक शब्द बोलला असतात तर सगळं घर मार्गी लागलं असतं, असं मी म्हणालो. नाना म्हणाले, "चाकू तिच्या नवऱ्याचा नसताना त्याचा आहे म्हणालो, तर उद्यापासून माझ्या पेटीतल्या एकाही चिठ्ठीला अर्थ नाही. पण अर्धंच सांगून सोडलं हे खरं. आता उरलेलं अर्धं शोधणं माझ्याकडे लागलं." मी यापूर्वी त्यांना इतकं गंभीर पाहिलं नव्हतं.

उरलेलं अर्धं त्या चाकूतच होतं. दुसऱ्या दिवशी रॉकेलनं सांधा धुतल्यावर पात्याच्या बुडाशी तीन टिंबं आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ दिसली. नानांनी पेटी उघडली आणि तासाभरानं एक चाकू बाहेर काढला. त्याच्यावर तीच खूण. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका मेंढपाळाकडून घेतलेला, आणि चिठ्ठीवर नगरकडच्या एका गावाचं नाव. दोन्ही कमानींवर कानशीचे फटकारे सारखेच होते. नानांनी त्या गावच्या शाळामास्तरांना पत्र लिहिलं: आपल्या गावचा कोणी खेचरांच्या पलटणीत होता काय? त्याच्या घरी सामान पोचले काय? त्यात चाकू होता काय?

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला आलं. गावच्या लोहाराचा मुलगा पलटणीत होता, तोही परतला नाही, सामान आलं, आणि त्यात एक चाकू आहे.

मी म्हणालो, "टपालानं मागवू." नाना म्हणाले, "ही टपालाची वस्तू नाही." आम्ही दोघांनी रजा काढली. चाळीसगाव, मनमाड, नगर असं करत, शेवटचे सात-आठ मैल पायी, त्या गावी पोचलो.

लोहार सत्तरीचा असेल. भाता बंद होता. नानांनी काही न सांगता चाकू त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटासुलटाही केला नाही. "माझ्या हातचा हाय," तो म्हणाला. "पोराला जाताना करून दिल्याला." मग आत गेला आणि कोनाड्यातून दुसरा चाकू घेऊन आला. "ह्यो आमचा न्हाई. डावऱ्या मानसाचा हाय. बघितल्याबरुबर वळखलं मी. पन म्हातारा लोहार म्हनतोय म्हनून सरकार थोडंच ऐकतंय."

मास्तरांनी एक पत्रही दाखवलं. पलटणीतल्या एका सोबत्यानं लिहिलेलं. दोघं पोरं एकाच तंबूत तापानं पडली होती, शेजारी शेजारी. एक सोमवारी गेला, दुसरा बुधवारी. दोघांचं सामान एकाच पेटीत ठेवलं गेलं होतं. पत्रात दोघांचीही नावं होती. तुळसाच्या नवऱ्याचं नाव नानांनी दोनदा वाचलं.

निघताना लोहार आपला चाकू छातीशी धरून दारात उभा होता. परतीच्या वाटेवर नाना गाडी बदलायला मनमाडला उतरले. तिथं चहा घेताना म्हणाले, "आता गिरणेकाठी तू चल माझ्याबरोबर. बोलेन मीच, पण तू शेजारी बस."

तुळसाच्या घरी आम्ही सकाळी पोचलो. तिनं आम्हाला लांबून पाहिलं आणि हातातलं काम टाकून उभी राहिली. नाना ओट्यावर बसले, सासऱ्यांना बसवलं, आणि काहीही न वगळता सगळं सांगितलं. तंबू, ताप, सोमवार, बुधवार, पत्रातलं नाव. मग चाकू तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलला, डाव्या हातात धरून बघितला, मुठीच्या टोकाला असलेल्या एका बारीक चिरेवरून बोट फिरवलं. "हाऊच," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "बाई, मीच तुले आशा लावी. मनं चुकनं."

तिनं नाही म्हणून मान हलवली. "दुसराना चाकूवर कशी रडू मी, नाना? आते रडसू." आणि ती आत गेली. सासरा नानांचा हात हातात घेऊन बसून राहिला. आम्ही दुपारपर्यंत तिथंच होतो.

त्यानंतर नानांचं चाकू गोळा करणं थांबलं नाही, पण चिठ्ठ्या बदलल्या. बाजार आणि घडण यांच्या जोडीला ते आता वापरणाऱ्याचं नाव, गाव आणि हातही लिहू लागले. जुना चाकू नव्यावर बदलून द्यायला कोणी तयार झालं, तरी ते खाली बसून अर्धा तास त्याच्या बापाची, भावाची चौकशी करत. जुन्या चिठ्ठ्याही त्यांनी जमेल तशा पुऱ्या केल्या. त्यासाठी लोकांना पुन्हा गाठायला गेले. खात्यातले लोक हसत. नानांना त्याचं काही वाटत नसे.

नोकरी संपल्यावर त्यांची नजर गेली, पण चाकू ओळखणं गेलं नाही. मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. एक दिवस त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "भाऊ, ज्यांची नावं आहेत त्यांचे त्यांना पोचव. चाकू बघून झाले माझे." देश स्वतंत्र होण्याच्या आधल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

दोन उन्हाळे मी ते काम केलं. साठेक चाकू घरी पोचले. कुठं नातू भेटला, कुठं विधवा बहीण, तर कुठं घरच उरलं नव्हतं. साक्रीजवळच्या एका खेड्यात एका म्हाताऱ्याला मी त्याच्या धाकट्या भावाचा चाकू दिला. भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी पुरात गेलेला. म्हाताऱ्यानं पातं उघडलं, अंगठा हलकेच धारेवरून नेला.

"धार ताजी शे," तो म्हणाला. "कोनी लाई?"

मी नानांचं नाव सांगितलं.

"त्या कोठे शेतस?"

"गेले," मी म्हणालो.

त्यानं चाकू मिटला, कमरेला खोचला आणि घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. मग मला म्हणाला, "बठ भाऊ. जेवीसन जाय."