आक्कानं गल्लीत म्हशी आणल्या

फोन बाबांचा होता. "आक्का गेली," एवढंच म्हणाले. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणायची आणि वचकूनही असायची. ती झोपेतच गेली. इतकं शांतपणे तिच्या हातून आयुष्यात काही झालं नव्हतं.

नव्वदच्या दशकात शाहूपुरीतली आमची गल्ली ओस पडत चालली होती. जो तो शहराबाहेर उचगावकडे प्लॉट घेऊन घर बांधत होता. मागं राहत होती कुलपं. अशाच एका बंद घरात बाळ्यानं दारूचा गुत्ता मांडला. संध्याकाळ झाली की बायका दारं लावून घेत. शिकवणीहून येताना मी भिंतीच्या कडेनं चालायचे. शेवटी बाबाही प्लॉट बघू लागले. "गुत्ता उठला तर ऱ्हाशील?" आक्कानं विचारलं. "उठवणार कोण?" म्हणून बाबा हसले.

दुसऱ्या दिवशी आक्का उचगावला गेली, शंकर गवळ्यांकडे. पूर्वी ते रोज आमच्या गल्लीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. घरं रिकामी झाली तसं त्यांनी येणं सोडलं होतं. "पावणं, तुम्ही म्हशी आणा, माणसं माझ्याकडं लागली," आक्का म्हणाली. आणि खरंच, दंडाला धरून एकेकाला तिनं घराबाहेर काढलं, हातात पेला दिला. गुत्त्याच्या दारातच रांग लागलेली बघून बाळ्या बाहेर आला. त्यानं बाटली फोडली आणि म्हशीच्या पुठ्ठ्यात खुपसली. म्हैस हंबरली, धारेची कासंडी लवंडली, दुधात रक्त मिसळलं. आक्कानं खुंटा उपसून त्याच्या मनगटावर घातला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला... मी जिन्यात उभी होते, तिथवर तो ऐकू आला.

दुसऱ्या सकाळी बाळ्याच्या माणसांनी सायकलच्या चेननं आक्काचे पुढचे दात पाडले. बाबा म्हणाले, आता पुरे, उचगावलाच जायचं. सुजलेल्या तोंडानं आक्का म्हणाली, "म्हशी आल्या का बघ."

आल्या होत्या. पण जखमी म्हैस पान्हा सोडेना. आक्का तिच्या मानेवरून हात फिरवत, रक्त थुंकत तिला शिव्या घालत बसली. "भवाने, मी भ्याली न्हाय, तू कशापायी भितीस?" गुत्त्यातली माणसं दारात येऊन बघत होती. रिकामे पेले धरून गल्ली उभी राहिली, एकही जण घरात गेला नाही... आणि मग कासंडीत पहिली धार वाजली. बाबांनी पेला पुढं केला.

रोज धारेच्या वेळी सगळ्यांच्या देखत गुत्त्यात शिरायची लाज वाटून गिऱ्हाइकं तुटली. गुत्ता बंद झाला. कुलपं निघाली, भाडेकरू आले. बाबांनी प्लॉट घेतला नाही. काही वर्षांनी बाळ्याही डाव्या हातात पेला घेऊन आला. उजवं मनगट वाकडंच राहिलं होतं. "रांगेत उभा ऱ्हा," एवढंच आक्का म्हणाली.

परवा मी घरी आले तेव्हा बाहेर धार चालू होती. आजऱ्याहून आलेले शेजाऱ्यांचे एक पाहुणे दूध पीत आमच्या पायरीवर टेकले. तिथं आक्का बसायची. बाळ्यानं कॉलर धरून त्यांना उठवलं, दूध सांडलं. "आक्काची जागा हाय ती. कुणी बसायचं न्हाय."

मी गल्लीत सहसा बोलत नाही. पण म्हणाले, "या गल्लीत रिकामी जागा आक्काला चालली असती का?"

बाळ्यानं डाव्या हातानं पाहुण्यांची कॉलर सारखी केली.

"माझं दुसरंबी मनगाट मोडलं असतं तिनं," तो पुटपुटला. "बसा, पावणं."